तलफ पोटातूनही येते

दारू सोडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात अवघड जाते. सकाळ म्हणणारे फार थोडे, दुपार तर कामातच निघून जाते. उत्तर येतं ते संध्याकाळचं, कामावरून सुटल्यापासून ताटावर बसेपर्यंतचे ते दोन-तीन तास. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात आहाराचं बघते, थोडंफार समुपदेशनही करते, आणि फॉलोअपला आलेली माणसं स्लिप कशी झाली, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा कशी घेतली गेली, ते सांगायला लागली की त्या गोष्टीत मित्र असतो, पगार झालेला असतो, बायकोशी वाजलेलं असतं, साहेब काहीतरी बोललेला असतो, पण या सगळ्याच्या खाली कुणी आवर्जून न सांगितलेलं एक रिकामं पोट पण असतं. दुपारी एकला डबा, मग नुसता चहावर चहा, गालात तंबाखू, आणि सातला स्टँडवर उतरलं की समोर दुकान. मी आता ऐकता ऐकता मधेच विचारते, दादा, त्या दिवशी शेवटचं काय खाल्लं होतं आणि किती वाजता? माणूस जरा गोंधळतो, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

उपाशी पोटी दारू लवकर चढते हे कुणालाही माहितीये, त्याला डॉक्टर लागत नाही. पोटात अन्न असलं की जठर सावकाश रिकामं होतं, दारू लहान आतड्यात हळूहळू उतरते आणि रक्तातही हळूहळू जाते, पोट रिकामं असेल तर सरळ खाली. पण हे सगळं झालं प्यायल्यानंतरचं. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. अजून पहिला घोटही घेतलेला नाही, ग्लास नुसता समोर आहे किंवा नुसती दुकानाची पाटी दिसलीये, आणि त्या क्षणी मेंदू तिच्याकडे कसा बघतो हेसुद्धा पोट भरलंय का रिकामं आहे यावर बदलतं. आणि ते बदलवणारी हार्मोन्स कुठली, तर जी आपल्याला जेवायला उठवतात तीच.

यातलं मुख्य हार्मोन म्हणजे घ्रेलिन. १९९९ मध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ते शोधलं, आणि सापडलं कुठे तर उंदराच्या जठरात. जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी अशीच आपली समजूत असते, पण ती पिशवी भुकेचा निरोपही मेंदूला धाडते हे यातून कळलं. जेवणाची वेळ जवळ आली की रक्तातलं घ्रेलिन चढतं, जेवल्यावर उतरतं. आणि ते रोजची वेळ लक्षात ठेवतं, म्हणजे तुम्ही रोज एकला जेवत असाल तर ते एकच्या आधी चढायला लागतं, घड्याळ बघायची गरज नाही. त्यात भर म्हणून शरीराच्या घड्याळाचा स्वतःचाही एक कल आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत काही निरोगी माणसांना अनेक दिवस मंद उजेडात, बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता ठेवलं आणि त्यांची भूक मोजली, तर ती सकाळी ८ च्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री ८ च्या सुमाराला सगळ्यात जास्त निघाली, खाल्लेलं कितीही असो. म्हणजे आमच्या पेशंटना जी वेळ अवघड जाते नेमकी तीच.

आता घ्रेलिनचं काम फक्त भुकेच्या केंद्रापुरतं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन जिथे जाऊन चिकटतं आणि काम करतं त्या जागा, मेंदूत आणखी खोल, व्हीटीए म्हणून एक छोटासा भाग आहे तिथेही सापडले. या व्हीटीएतून डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या मेंदूच्याच दुसऱ्या भागाकडे जातं, आणि एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं, तिच्यामागे उठून जावंसं वाटणं, हे सगळं या वाटेवर घडतं. दारूही याच वाटेवर काम करते, निकोटीनही, आणि गरम भाकरीचा वास आल्यावर पाय स्वयंपाकघराकडे वळतात तेही इथूनच. शरीराचा हिशोब सरळ आहे, उपाशी जीवाने शोधायला बाहेर पडावं म्हणून भूक ही वाट सतर्क करते. फक्त त्या वाटेला कळत नाही की समोर भाकरी आहे का क्वार्टर.

ही ओढ प्राण्यांमध्ये फार आधी दिसली होती. १९७९ मध्येच मॅरिलिन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की उंदरांचं खाणं कमी केलं की ते नशेचे पदार्थ जास्त घेतात, तोंडावाटे दिले तरी आणि शिरेतून दिले तरी. कारण मात्र तेव्हा हातात नव्हतं, घ्रेलिनच माहीत नव्हतं. ते हातात आलं तीस वर्षांनी, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. एलिसाबेत येर्लहाग आणि त्यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की उंदरांच्या मेंदूत घ्रेलिन सोडलं की ते दारू जास्त पितात. पण मला त्यातला उलटा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: घ्रेलिनचा रिसेप्टर औषधाने बंद केला, किंवा जन्मतःच तो नसलेले उंदीर घेतले, तर दारू देऊनही त्यांच्यात डोपामिनची ती उसळी येईना, ज्या कप्प्यात दारू मिळाली त्या कप्प्याकडे परत जायची ओढही लागेना. म्हणजे दारूला मेंदूत जी मजा पेटवायची असते, तिला जठरातून सुरू होणाऱ्या या यंत्रणेची साथ लागते.

उंदरांचं माणसांना तसंच्या तसं लागू होत नाही हे मान्य, म्हणून माणसांवरचे प्रयोग जास्त बारकाईने वाचावे लागतात. लोरेन्झो लेज्जियो हे इटालियन डॉक्टर अमेरिकेत यावर अनेक वर्षं काम करतायत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात भरपूर पिणारे, दारूवर अवलंबून असलेले ४५ लोक होते. काहींना शिरेतून घ्रेलिनचा कमी डोस, काहींना जास्त, काहींना नुसतं सलाईन, आणि कुणाला काय मिळालंय हे त्यांना माहीत नाही. मग त्यांच्यासमोर आधी फळांचा रस आणि नंतर त्यांची आवडती दारू ठेवली. जास्त डोसवाल्यांची दारूची तलफ वाढली, रसाची नाही. हा रसाचा तपशील मी कुणालाही समजावताना गाळत नाही, कारण नुसती भूकच वाढली असती, काहीही प्यावंसं वाटत असतं, तर रसाचीही ओढ वाढायला हवी होती.

त्याच गटाचा २०१८ चा प्रयोग तर मला अजून आवडतो. यात लोकांना दारू प्यायला दिलीच नाही, शिरेतून दिली. हवी असेल तर बटण दाबायचं, पुन्हा हवी असेल तर पुन्हा दाबायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळा दाबावं लागणार, म्हणजे माणूस किती कष्ट घ्यायला तयार आहे ते कळतं. एकदा घ्रेलिन चढवून, एकदा नुसतं सलाईन चढवून. घ्रेलिन अंगात असताना त्याच माणसांनी जास्त दारू घेतली. आणि दारू थेट रक्तात जात होती, त्यामुळे चव, घशाची जळजळ, पोट भरलेलं का रिकामं, लवकर शोषली का उशिरा, हे सगळे मुद्दे बाजूला पडले. शिवाय त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर घ्रेलिनखाली दारूशी संबंधित खुणा समोर आल्या की अमिग्डालाची प्रतिक्रिया वाढलेली दिसली. अमिग्डाला म्हणजे भावना आणि आठवण जिथे एकमेकांना चिकटतात तो भाग. आमचे पेशंट सांगतात ना, मॅडम काही नाही हो, नुसता त्या गल्लीतून गेलो, तर ते असंच काहीतरी सांगत असतात.

एक स्पष्ट सांगायला हवं. घ्रेलिन कुणाला दारुडा बनवत नाही. चुलीत विस्तव आधीपासून असावा लागतो, ते फक्त फुंकणी मारतं. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही तो उपाशी राहिला म्हणून गुत्त्याकडे वळत नाही, त्याला पिठलं-भाकरी आठवते. पण ज्याच्या मेंदूने वर्षानुवर्षं संध्याकाळ म्हणजे दारू असं शिकून ठेवलंय त्याच्यासाठी ही फुंकणी भारी पडते. बरं, दारू थांबवलेल्या लोकांच्या रक्तात घ्रेलिन वाढलेलं असतं असं एकापेक्षा जास्त अभ्यासांत आलंय, म्हणजे सोडण्याच्या सुरुवातीच्या काळातच, जेव्हा माणूस सगळ्यात नाजूक असतो, तेव्हाच जठराचा आवाज मोठा असतो. आमच्याकडे नव्याने सोडलेली माणसं दिवसभर गोड मागतात, गूळ, बिस्किटं, चहात साखर जास्त, आणि घरचे म्हणतात हे काय लहान मुलासारखं. मी त्यांना सांगते, खाऊ द्या थोडे दिवस, शुगर असेल तर मला सांगा, आपण वेगळं बघू.

उलट दिशेनेही हे चक्र फिरतं. दारूतल्या अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला ७ कॅलरी असतात, तुपा-तेलापेक्षा थोड्याच कमी, तर खरं म्हणजे प्यायल्यावर शरीराने म्हणायला हवं की झालं, इंधन मिळालं, आता खायला नको. होतं उलटंच, टेबलावर चखण्याच्या बशा रिकाम्या होत जातात आणि नंतर वर मटणही लागतं. गंमत म्हणजे माणसांमध्ये मोजलं तर प्यायल्यावर घ्रेलिन खाली जातं, म्हणजे ही भूक जठराकडून येत नाही. मग कुठून? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये उंदरांना ३ दिवस दारूचं इंजेक्शन दिलं, सोबत ना मित्र ना गप्पा ना चव, तरी उंदीर जास्त खायला लागले. त्यांच्या हायपोथॅलॅमसमधल्या, म्हणजे मेंदूत भूक सांभाळणाऱ्या भागातल्या, एजीआरपी नावाच्या पेशी दारूने जाग्या होत होत्या. या त्याच पेशी, ज्या उपासमारीत जाग्या होतात आणि ज्यांना एरवी घ्रेलिन जागं करतं. त्या पेशी गप्प केल्यावर दारूमुळे वाढलेलं खाणंही थांबलं. म्हणजे दारू घ्रेलिनला बाजूला सारून स्वतःच भुकेचं बटण दाबते, आणि पोटात अन्न असताना मेंदूला वाटतं आपण उपाशी आहोत.

चखण्याचं निघालंच आहे तर आमच्या स्वयंपाकघरातलं एक सांगते. संध्याकाळी पेशंटना काहीतरी खायला द्यायचं म्हणून पूर्वी खारे शेंगदाणे आणि तळलेली चणाडाळ दिली जायची, स्वस्त, प्रोटीनवाली, करायला सोपी. एक काका, रिटायर्ड ड्रायव्हर, बशीकडे बघायचे आणि बाजूला सरकवायचे. खूप दिवसांनी बोलले, ताई, हे हातात घेतलं ना की दुसरा हात ग्लास शोधतो. तेव्हापासून संध्याकाळी ज्वारीची धिरडी, उकडलेलं रताळं, केळं, दूध, मोड आलेल्या मटकीची उसळ असं देतो, आणि ते साडेसातच्या जेवणाआधी नाही, साडेपाचलाच, घ्रेलिन चढायच्या आत. शेंगदाणे सकाळी पोह्यात. खारा शेंगदाणा हे त्या माणसासाठी अन्न कमी आणि खूण जास्त असते, भूक शमवायला गेलो आणि आठवण जागी केली असं व्हायला नको.

हे सगळं मी जेव्हा घरच्यांच्या मीटिंगमध्ये सांगते तेव्हा मला एका गोष्टीची फार काळजी वाटते. आपल्याकडे कुठलंही शास्त्र घरात शिरलं की त्याचं काम बाईच्या अंगावर पडतं. उद्या कुणी म्हणायचं, बघ, डॉक्टरपण म्हणतात, तू वेळेवर वाढलं असतंस तर तो प्यायला नसता. असं मुळीच नाही. पिऊन आलास तर ताट मिळणार नाही असं बायको म्हणते तेव्हा ती वर्षानुवर्षांच्या रागातून म्हणते, आणि तो राग रास्त आहे, तिने मार खाल्लेला असतो, मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं. शिक्षा म्हणून उपाशी ठेवण्याने दारू सुटत नाही एवढं मात्र मी सांगते, आणि लगेच पुढचं वाक्य त्या पुरुषाकडे बघून बोलते: साडेपाचला खाण्याची जबाबदारी तुमची. पिशवीत दोन केळी ठेवा. दुपारच्या डब्यातली एक भाकरी राखून ठेवा आणि कामावरून निघायच्या आधी खा, स्टँडवर उतरल्यावर नाही. त्यासाठी घरी कुणाला उठवायची गरज नाही.

आणि उपास. श्रावण पाळणारे आपल्याकडे कितीतरी, महिनाभर थेंबाला शिवत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान असतो, तो असावाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावण लागला म्हणून एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेततं, त्यामुळे ते डॉक्टरला विचारूनच. आणि सोडल्या सोडल्या जोशात येऊन सोमवार, शनिवार, संकष्टी असे कडक उपास धरणारेही असतात, त्यांना मी हात जोडून थांबवते. यकृत साखर तयार करून रक्तातली पातळी सांभाळत असतं, दारू ते काम अडवते, त्यामुळे उपाशी पोटी घेतली तर साखर धाडकन खाली येऊ शकते, आणि अशा दिवशी स्लिप झाली तर ती नुसती स्लिप राहत नाही. देव वर्षभराने केलेला उपासही धरून घेईल.

आता इंजेक्शनांबद्दल, कारण हल्ली दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. भुकेला उठवणारं जसं घ्रेलिन, तसं पुरे सांगणारं एक हार्मोन म्हणजे जीएलपी-वन, आतड्यातून आणि मेंदूच्या देठातूनही निघतं. त्याची नक्कल करणारी औषधं आधी डायबेटीससाठी आली, मग वजनासाठी, आणि २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोवी भारतात आलं तेव्हापासून मेडिकलवाल्यापासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे तीच चर्चा. ती घेणारे अनेक लोक म्हणायला लागले की जेवणाबरोबर दारूचीही इच्छा गेली. हे नुसतं ऐकीव नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीचे निकाल आले, ४८ माणसं, ९ आठवडे, सेमाग्लुटाइडचा, म्हणजे वेगोवीतल्याच औषधाचा, कमी डोस. तलफ कमी झाली, ज्या दिवशी प्यायले त्या दिवशी कमी प्यायले, पण पिण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. आशा वाटावी असं आहे, पण चाचणी छोटी आहे.

मला मात्र त्याआधीची, २०२२ ची कोपनहेगनची चाचणी आपल्यासाठी जास्त मोलाची वाटते. १२७ पेशंट, २६ आठवडे, काहींना आठवड्याला एक्सेनाटाइड या त्याच जातीच्या औषधाचं इंजेक्शन, काहींना नकली. स्कॅनमध्ये फरक दिसला, दारूची चित्रं दाखवल्यावर मेंदूतल्या हव्यासाच्या भागाची प्रतिक्रिया मंदावली होती. पण एकूण सगळे पेशंट धरले तर खूप पिण्याचे दिवस नकली इंजेक्शनवाल्यांपेक्षा काही वेगळे कमी झाले नाहीत. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर होता, म्हणजे जे चांगलेच लठ्ठ होते, त्यांच्यात ते कमी झाले. आणि ज्यांचा २५ च्या खाली होता त्यांच्यात उलट वाढलेले दिसले. तेव्हा औषध एकच असलं तरी अंग कुणाचं आहे यावर परिणाम फिरू शकतो. वजनाच्या ऑपरेशनचंही असंच, गॅस्ट्रिक बायपासनंतर भुकेची हार्मोन्स बदलतात, माणूस कमी खातो, तरी २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दारूच्या व्यसनाचा त्रास असलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनआधीच्या ७.६ टक्क्यांवरून ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलेलं होतं, आणि याचं एक कारण असं मानतात की बायपासनंतर दारू रक्तात फार झपाट्याने शिरते. एक हार्मोन खाली ओढलं आणि काम झालं इतकं सोपं हे प्रकरण नाही.

आणि आमच्याकडे येतात ती माणसं कशी असतात? लठ्ठ फार क्वचित. गालफडं बसलेली, दंडाचं मांस उतरलेलं, रक्त कमी, जीवनसत्त्व ब-१ इतकं खाली की चालताना तोल जातो, महिनोन् महिने जेवणाऐवजी दारूच घेतलेली. अशा माणसाला भूक मारणारं औषध देणं म्हणजे काय, याचा विचार इंजेक्शनची जाहिरात बघून फोन करणाऱ्यांनी केलेला नसतो. शिवाय दारूने स्वादुपिंडाला सूज येते, ती एकदा येऊन गेलेल्यांच्या बाबतीत ही औषधं फारच जपून वापरावी लागतात.

मागे एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला होता, नोकरीला पुण्यात, चांगला कमावता, मोबाईलवर इंजेक्शनची किंमतही काढून आणलेली. म्हणाला मॅडम, पैशाचा प्रश्न नाही, फक्त पप्पांची सुटली पाहिजे. वडील शेजारी खुर्चीत, शर्टाच्या कॉलरमधून मान काडीसारखी, पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. मी त्याला म्हटलं, तू वाचून आलास हे फार चांगलं केलंस, हे औषध उद्या काही लोकांना उपयोगी पडेलही, पण तुझ्या वडिलांना आत्ता भूक हवीये, ती मारायची नाहीये. आमच्या डॉक्टरांनी ब-१ ची इंजेक्शनं सुरू केली, तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध देता येईल का ते ठरवायला लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या, आणि खाण्याचा कागद मी लिहून दिला, दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. कागदावर साडेपाचच्या रकान्यात काय लिहू असं मी वडिलांनाच विचारलं, तर मुलाकडे बघत म्हणाले, दूध-भाकरी लिहा, गूळ घालून, माझी आई द्यायची तशी.